गिझर लावला की आठ मिनिटं

वाचकाचं पत्र: मी ४२ वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते. नोकरी फोर्टमध्ये, सकाळी ८.०४ची लोकल. घरी सासूबाई, नवरा, दोन शाळकरी मुलं. पहाटे साडेपाचला उठून तीन डबे करते, संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षाने घरी. गेल्या चार वर्षांत तीनदा व्यायाम सुरू केला. आधी जानेवारीत वर्षाचे पैसे भरून जिम लावली, महाशिवरात्र येईपर्यंत सुटली. मग पहाटे पाचचा ऑनलाइन योगवर्ग, तो जेमतेम पाच आठवडे. गेल्या वर्षी सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर चालायला जात होते, पाऊस लागला आणि तेही बंद. आता रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, नियमित व्यायाम करा. उठता-बसता गुडघे कुरकुरतात, दुखत मात्र नाहीत. सासूबाई म्हणतात, घरकाम हाच व्यायाम. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? की पुन्हा जिम लावू? (एक वाचक, डोंबिवली)

ताई,

पहाटे साडेपाचला उठून तीन माणसांचे डबे करून वेळेवर लोकल गाठणाऱ्या बाईकडे इच्छाशक्ती नाही, असं आम्ही तरी म्हणणार नाही. तुमचे तीनही प्रयत्न सुटले ते तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि तिन्ही कारणं तुमच्या पत्रातच आहेत. ती आधी नीट पाहू, कारण चौथ्या वेळी काय करायचं ते त्यांतूनच ठरतं.

जिम. तिथे पहिल्याच आठवड्यात तासभर व्यायाम करून घेतात. सवय नसलेल्या स्नायूंवर एवढा भार पडला की वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतात, आणि नेमकं त्याच दिवशी पुन्हा जायचं असतं. त्यात जिम वाटेवर नसेल तर जाणं-येणं, कपडे बदलणं धरून तासाचे दोन तास होतात. तुमच्या दिवसात रिकामे दोन तास नाहीतच. जानेवारीच्या उत्साहात ते कुठून तरी ओढून आणले, पुढे ते जागेवर परत गेले.

पहाटेचा वर्ग. साडेपाचला उठणारी व्यक्ती पाचच्या वर्गासाठी पावणेपाचला उठू लागली, पण रात्री झोपायची वेळ तीच राहिली. रोज पाऊण तास झोप कमी. पाच आठवडे तुम्ही हे ओढलंत, हेच पुष्कळ झालं. झोप कापून केलेला व्यायाम सहसा टिकत नाही. अपुऱ्या झोपेने भूक आणि रक्तातली साखर दोन्ही वाढायला मदत होते, म्हणजे ज्यासाठी व्यायाम करायचा त्याच्याच उलट.

सकाळचं चालणं तिन्हींत सर्वांत चांगलं होतं. ते थांबलं कारण पावसाळ्यासाठी दुसरी सोय ठरलेली नव्हती. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर पाऊस येणार हे दरवर्षीचंच आहे. ज्या व्यायामाला वर्षातले चार महिने जागा नाही, तो बारमाही होणार कसा?

तेव्हा या वेळी योजना आखताना डोळ्यांसमोर चांगला दिवस ठेवू नका. लोकल पंचवीस मिनिटं उशिरा आहे, धाकट्याला सर्दी झाली आहे, रात्री पाहुणे येणार आहेत, असा दिवस ठेवा. त्या दिवशीही जे होईल तेवढंच सुरुवातीला ठरवायचं. वाढवायला पुढे भरपूर वेळ आहे.

त्यासाठी व्यायामाला दिवसातल्या अशा कामाशी बांधायचं, जे कधीच चुकत नाही. ‘सकाळी वेळ मिळेल तेव्हा’ ही वेळ नव्हे. तुमच्या घरात असं एक काम आहे: अंघोळ. सुट्टी असो, गावी जायचं असो, दिवाळी असो, अंघोळ टळत नाही. शिवाय घाम आला तरी लगेच धुतला जातो, कपडे बदलायचेच असतात, वेगळी तयारी लागत नाही. घरात पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा साठवणीचा गिझर असेल तर पाणी वीसेक अंशांनी तापायला साधारण दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आत्ता कुठे जातात? ओटा पुसण्यात, मोबाइलमध्ये, कुणाचा तरी मोजा शोधण्यात. नियम एवढाच: गिझरचं बटण दाबलं की चटई पसरायची. व्यायाम आठ मिनिटांचा, उरलेली दोन श्वास जागेवर यायला. तुमच्याकडे पाणी झटपट तापवणारा गिझर असेल तर टॉवेल बाथरूममध्ये टांगला की चटई पसरायची. खूण कोणतीही चालेल, पण ती एकच आणि रोज तीच हवी.

आता त्या आठ मिनिटांत काय करायचं. सोमवार, गुरुवार आणि शनिवार ताकदीचे व्यायाम.

पहिला, खुर्चीवरून ऊठबस. जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. पावलं खांद्यांइतकी लांब, हात छातीवर. मनात तीन आकडे मोजत खाली या, बैठकीला जेमतेम टेकलात की उठा. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत, आत एकमेकांकडे कलता कामा नयेत. बहुतेकींची चूक इथेच होते आणि मग दोष बैठकांवर येतो. खाली येताना धप्पकन बसत असाल तर खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवून उंची दोन-तीन इंच वाढवा. आठ वेळा.

दुसरा, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभ्या राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपरं बाहेर फाकू न देता छाती भिंतीकडे न्या आणि परत या. कंबर मध्येच लचकू द्यायची नाही, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत. आठ वेळा. हे सोपं झालं की भिंतीऐवजी स्वयंपाकाचा ओटा, मग पलंगाची कड. जितकं खाली जाल तितका भार वाढतो, वेगळी वजनं विकत आणावी लागत नाहीत.

तिसरा, सेतुबंधासन: पाठीवर झोपून, गुडघे उभे, टाचा नितंबांजवळ, कंबर वर, दोन सेकंद धरून खाली. आठ वेळा. चौथा, मुलाच्या दप्तरात पाण्याने भरलेल्या एकेक लिटरच्या तीन बाटल्या घालून, म्हणजे सुमारे तीन किलो, एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हाताने दप्तर कमरेकडे ओढणं. प्रत्येक हाताने आठ वेळा. लोकलमध्ये दांडीला लटकून आणि दिवसभर संगणकापुढे बसून खांदे पुढे आलेले असतात, त्यांना हा व्यायाम फार उपयोगी.

एवढं आठ मिनिटांत आरामात होतं. प्रत्येक व्यायाम संपताना ‘अजून तीन-चार झाले असते’ असं वाटलं पाहिजे. दमून जमिनीवर पडायचं नाही. पहिले दोन आठवडे आकडे अजिबात वाढवू नका, वाढवावेसे वाटले तरीही. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकेक वाढवा, बारापर्यंत. बारा सहज झाले की आकडा वाढवण्याऐवजी प्रकार अवघड करा: खुर्चीवरची चादर काढा, खाली यायला तीनऐवजी पाच आकडे घ्या, दप्तरात चौथी बाटली घाला.

उरलेल्या दिवशी याच वेळी, याच चटईवर सूर्यनमस्कार. हळू आवर्तनाला साधारण एक मिनिट लागतं. चारपासून सुरुवात करा. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले, ते काही उगाच नव्हे: जागा हातभर, साधन शून्य, आणि पाठ, खांदे, मांड्या, पोट सगळ्यांना काम. मात्र शंभर घालायच्या पैजा नकोत. पुढे वाकताना कंबर ओढली जात असेल तर गुडघे थोडे वाकवा.

आणि अगदी वाईट दिवसासाठी एक तळाचा आकडा आत्ताच ठरवून ठेवा: खुर्चीवरून पाच ऊठबस. अर्धं मिनिट. ताप नसेल तर तेवढ्या पाच होतातच. तेवढं केलं तरी तो दिवस ‘झाला’ म्हणूनच धरायचा, मनात खंत न ठेवता. पाच बैठकांनी ताकद वाढत नाही हे खरंच. पण गिझर आणि चटई यांची गाठ त्या दिवशी सुटत नाही, आणि पहिले तीन महिने तीच जपायची आहे.

तीन महिने का, हेही सांगतो. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला, तो २०१०मध्ये छापून आला. रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक कृती करायची, आणि ती विचार न करता होऊ लागायला किती दिवस लागतात ते पाहायचं. मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसामाणसांत फरक १८पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे पाचव्या आठवड्यात कंटाळा आला तर ते बिघडल्याचं लक्षण नाही, काम अजून अर्ध्यावर आहे एवढंच. एक दिवस चुकला, सोडून द्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या पाच ऊठबस कराच.

नोंदीसाठी मोबाइलचं ॲप नको. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्याशेजारी, एक टिंब द्या. पूर्ण आठ मिनिटं केली तर भरीव, तळाचा आकडा केला तर पोकळ. महिन्याच्या शेवटी पोकळ टिंबं एखाद्या वारीच जास्त पडली आहेत असं दिसलं, तर त्या वारी ताकदीचा व्यायाम ठेवू नका, दुसऱ्या दिवशी हलवा. मात्र ताकदीच्या दोन वारांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

चालण्याची सोय तुमच्या परतीच्या वाटेवर आहे. स्टेशनवरून घरी शेअर रिक्षाने येता, अंतर पावणेदोन-दोन किलोमीटर असेल असं धरू. पहिले तीन आठवडे रिक्षा अर्ध्यावर सोडा आणि उरलेलं चाला, दहा-बारा मिनिटं. चौथ्या आठवड्यापासून पूर्ण अंतर, बावीस ते पंचवीस मिनिटं. वेग किती? सोबत कुणी असेल तर बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. आठवड्याचे पाच दिवस बावीस मिनिटं म्हणजे ११०, रविवारी मैत्रिणींबरोबर चाळीस, झाले १५०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत, त्यात तुम्ही बसता. सलग निदान दहा मिनिटं चाललं तरच मोजायचं, ही जुनी अट त्या वेळी काढून टाकली. तुकड्यांनी केलेलंही जमेस धरलं जातं.

यात बारीक अडचणी दोन, आणि त्याच चालणं बंद पाडतात. पहिली चप्पल. ऑफिसच्या सपाट चपला किंवा उंच टाचांनी रोज दोन किलोमीटर चाललात तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकेल. स्नायू लवकर तयार होतात, तळपायाचे आणि टाचेचे स्नायुबंध हळू, म्हणून ‘आता जमतंय’ असं वाटतं तेव्हाच दुखणं येतं. प्रवासात बूट घाला, ऑफिसच्या चपला तिथेच खणात ठेवा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दुसरी अडचण पर्स. डबा, बाटली, छत्री असं सगळं एका खांद्यावर घेऊन अर्धा तास चाललं की मान धरते. पाठीवरची सॅक घ्या.

पावसाळ्याची सोय आत्ताच लिहून ठेवा. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ऑफिसच्या मार्गिकेत दहा मिनिटं आणि रात्री जेवल्यावर घरात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून तुमच्या दृष्टीने ही मिनिटं जास्त मोलाची. खरं तर पाऊस नसतानाही रात्रीची दहा मिनिटं ठेवता आली तर ठेवा. जिने चढायचे असतील तर चढा आणि उतरताना लिफ्ट घ्या, उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो.

गुडघ्यांच्या आवाजाने घाबरू नका. वेदना किंवा सूज नसेल तर नुसती कुरकुर म्हणजे झीज असं नसतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधारच मिळतो. व्यायाम करताना दुखलं तर शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंतचं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवणारं दुखणं चालेल. त्याहून जास्त असेल तर खुर्ची आणखी उंच करा, आकडे कमी करा. गुडघा सुजला, अडकला किंवा पाय देताना एकदम निसटला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झाडू-पोछा, बाजारहाट यांत हालचाल होते आणि ती मोजावीच. पण घरकामाचा भार वाढत नाही. तीच बादली, तोच केर, वर्षानुवर्षं. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, आणि त्यांना टिकवायला थोडाथोडा वाढता भार द्यावा लागतो. साखर साठवायची शरीरातली सर्वांत मोठी जागाही स्नायूच. हे वाद घालून पटवण्यापेक्षा पाव तासाची व्यवस्था आदल्या रात्री बोलून ठेवा, अगदी कामाच्या भाषेत: “आई, पावणेसात ते सात मी आतल्या खोलीत असेन. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मोजाल का?” आणि नवऱ्याला: “बाटल्या तू भर, मुलांना तू उठव.” ‘जरा मदत करत जा’ असं मोघम सांगितलं की कुणीच काही करत नाही. नेमकं काम, नेमकी वेळ सांगितली की बहुतेक वेळा होतं.

जिमचे पैसे आत्ता भरू नका. तीन महिन्यांनी कालनिर्णयवर टिंबं टिकून असतील आणि वजनं उचलायची हौस वाटली, तर स्टेशन ते घर या वाटेवरची जिम पाहा, आणि पैसे महिन्याचे भरा, वर्षाचे नाहीत.

आजारपण आणि प्रवासाने खंड पडला तर परत कुठून सुरू करायचं? आठवडाभराचा खंड असेल तर आकडे दोनने कमी करून. तीन आठवडे किंवा जास्त असेल तर सरळ निम्म्यावरून. ताप पूर्ण उतरून अंगातला अशक्तपणा जाईपर्यंत थांबा, आणि मग दोन-तीन दिवस फक्त तळाचा आकडा. खंडाआधी होतं तिथूनच पुन्हा सुरू करायला गेलं की अंग दुखतं आणि दुसरा खंड पडतो. गणपतीत कोकणात गेलात तर गिझर नसेल, बंब असेल. बंब पेटला की पाच ऊठबस, पडवीतल्या बाकावर.

वजनकाट्यावर दर आठवड्याला उभ्या राहू नका. सत्तर किलोच्या व्यक्तीने अर्धा तास मध्यम वेगाने चाललं तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात, एका वडापावात त्याच्या दुपटीहून जास्त असतात. फक्त व्यायामाने काटा सहसा फार हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणून व्यायाम सोडणारे पुष्कळ. त्याऐवजी तीन गोष्टी आज लिहून ठेवा: तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर किती (भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावा), आणि स्टेशन ते घर किती मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. पहिला आणि तिसरा आकडा महिन्या-दीड महिन्यातच बदललेला दिसेल.

चालताना किंवा व्यायाम करताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. तुम्हाला गोळ्या नाहीत, पण हे सदर वाचणाऱ्यांपैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोलावं आणि चालताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं, साखर एकदम उतरू शकते. रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर आधी तो आटोक्यात आणावा.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांवर तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. रोजचं चालणं आणि आहारातला बदल एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि मेटफॉर्मिनच्या गोळीचा परिणामही जवळपास तेवढाच होता. एचबीएवनसीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणून महिन्याने तपासून उपयोग नाही. सुरुवातीच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाले की तपासा. आकडा खाली आला नसेल तर व्यायाम तसाच चालू ठेवून आहाराकडे वळा: दोन वेळच्या भात-पोळीचं माप, चहातली साखर, संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावरचं खाणं. टिंबांचं कालनिर्णय डॉक्टरांकडे सोबत न्या, गोळी हवी की नको हे ठरवताना त्यांना त्याचा उपयोग होईल.